संगणक खरेदीच्या फायलीवर सही करण्यापूर्वी: व्यवसाय चालवणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
लहान-मध्यम व्यवसायांचे मालक, संचालक आणि संगणक खरेदीच्या फायलीवर शेवटची सही करणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर सध्या एकाच प्रकारची फाईल आली असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबली. ऑफिसातल्या जुन्या मशिनांत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा त्यांचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, म्हणून विंडोज ११ चढत नाही. वाढीव मुदतीची अपडेट्स विकत घ्यावीत, तर कंपन्यांसाठी त्यांचा दर दरवर्षी दुप्पट होतो आणि ती सोयही तीनच वर्षांची आहे. तेव्हा आयटी विभागाने सरळ हिशेब मांडला असेल: जितकी डोकी तितके नवे पीसी. मागे पुरवठादारांची कोटेशन्स टाचलेली, आणि खाली तुमच्या सहीची जागा.

ती सही थोडी लांबवा, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे. ऑफिसांतले संगणक, सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणं हा माझा पेशा. अशा फायली मी बऱ्याच पाहिल्या. कोणता पीसी घ्यावा यावर त्यांत पानंच्या पानं असतात. कंपनीचं काम नेमकं कुठे राहतं, यावर एक ओळ नसते.

तुम्हीच विचारून बघा. हिशेब विभागातल्या एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मशीनची डिस्क उद्या बसली, तर काय काय जाईल? उत्तर येईल, ‘काही नाही, सगळं शेअर ड्राइव्हवर आहे.’ प्रत्यक्षात डिस्क बसते तेव्हा नवं मशीन तासाभरात टेबलावर येतं आणि खरी यादी त्यानंतर उघडते. सगळी जुनी मेल साठवणारी पीएसटी फाईल सी ड्राइव्हवर होती. बँकेच्या पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवले होते, माणसाने नव्हे. महिनाअखेरीचा ताळमेळ लावणारं एक्सेलचं मॅक्रो केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेलं. त्याची दुसरी प्रत नाही. डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल सुधारित’, ‘फायनल सुधारित २’ असे फोल्डर. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचं होतं, ते कुणालाच आठवत नाही. शेअर ड्राइव्हवरच सेव्ह करावं असं परिपत्रक निघालेलं असतं, पण घाईतला माणूस समोर दिसेल तिथे सेव्ह करतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मशीननेच ती जागा त्याच्यापुढे मोकळी ठेवलेली असते.

शंभर पीसी म्हणजे कंपनीचं काम शंभर ठिकाणी विखुरलेलं. नवे घेतलेत तरी ते तसंच विखुरलेलं राहणार, फक्त जरा वेगवान डिस्कवर.

यावरचा उपाय जुना आहे: काम टेबलावरून उचलून सर्व्हरवर न्यायचं. प्रोग्रॅमही तिथेच चालतात आणि फायलीही तिथेच राहतात. टेबलावरचं यंत्र कीबोर्ड-माउसची हालचाल तिकडे पाठवतं आणि तिकडून आलेलं पडद्याचं चित्र दाखवतं, बाकी काही नाही. प्रत्येकाला स्वतःचं सेशन मिळतं. स्वतःचा डेस्कटॉप, स्वतःच्या फायली, स्वतःचे अधिकार. यात दोन प्रकार आहेत. एकाच सर्व्हर-विंडोजवर अनेकांची सेशन्स चालवायची, हा पहिला. प्रत्येकाला सर्व्हरवर वेगळं आभासी मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला स्वतंत्र संगणक) द्यायचं, हा दुसरा. त्याला व्हीडीआय म्हणतात. विक्रेता बहुधा दुसऱ्यापासून सुरुवात करेल. साध्या ऑफिसकामाला पहिला पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला हार्डवेअर कमी लागतं आणि सांभाळायच्या विंडोजची संख्या एक आकडी राहते.

‘ही नवी तंत्रज्ञान-क्रांती आहे’ असं कुणी सांगितलं तर मात्र सावध व्हा. एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याचं प्रात्यक्षिक फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१ सालीच दाखवलं होतं. १९७० च्या दशकात मोठ्या कंपन्यांत आयबीएमच्या ३२७० टर्मिनलवर (केंद्रीय संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) काम चाले, तेही याच तत्त्वावर. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि चित्र उलटलं. एक साधा रिपोर्ट हवा असला तरी संगणक विभागाच्या दारात ताटकळावं लागे, ते संपलं. त्या सुटकेची किंमत मी कमी लेखत नाही. पण पुढे मशिनं वाढली, ती नेटवर्कने जोडली गेली आणि प्रत्येकाची निगा वेगळी राखण्याचा भार कंपन्यांवर आला. १९९५ मध्ये सिट्रिक्स कंपनीने विनफ्रेम हे सॉफ्टवेअर काढून विंडोजवर अनेकांची सेशन्स चालवून दाखवली. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. आज ज्याला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस म्हणतात तो तिचाच वंशज. मधल्या काळात, १९९६ च्या सुमारास, ओरॅकल वगैरे कंपन्यांनी ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा गाजावाजा केला. तो बारगळला, कारण पीसी झपाट्याने स्वस्त झाले, नेटवर्क मंद होती आणि लोकांचे रोजचे प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हते. कल्पना चुकीची नव्हती, वेळ चुकली.

आता फायद्यांकडे येतो. विक्रेते पैशांच्या बचतीपासून सुरुवात करतात. मी ते शेवटी घेणार आहे, का ते तिथे कळेलच. माझ्या लेखी पहिला फायदा असा की डेटा प्रवास करत नाही.

शाखा असलेल्या कोणत्याही कंपनीत हे दुखणं सापडेल. हिशेबाचं किंवा गोदामाचं सॉफ्टवेअर जुन्या धाटणीचं आहे. त्याचा डेटा म्हणजे मुख्य ऑफिसच्या शेअर फोल्डरमधल्या काही फायली. प्रत्येक पीसीवर प्रोग्रॅम बसवलेला, आणि तो नेटवर्कवरून त्या फायली उघडतो. मुख्य ऑफिसात सगळं सुरळीत. शाखेत मात्र व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने) एखाद्या ग्राहकाचं खातं उघडायला घ्यावं, तर माणूस चहा पिऊन येतो. मग शाखेकडून मागणी येते की इंटरनेटची लाइन वाढवून द्या. लाइन वाढवली जाते, बिल वाढतं, आणि खातं तितक्याच वेळात उघडतं.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा, ते एक खातं दाखवायला प्रोग्रॅम फायलीतून दोन हजार बारीकसारीक तुकडे वाचतो, आणि एक तुकडा हाती आल्याशिवाय पुढचा मागत नाही. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो. दोन हजार फेऱ्या एका सेकंदात उरकतात. शाखेपासून सर्व्हरपर्यंतची फेरी चाळीस मिलिसेकंदांची असेल, तर त्याच दोन हजार फेऱ्यांना ऐंशी सेकंद. लाइन रुंद केल्याने एका वेळी जास्त माल जातो, पण फेरीचा वेळ अंतराचा आणि वाटेतल्या उपकरणांचा असतो, तो तसाच राहतो. आणि ऐन लिहिताना लाइन तुटली की फाईल अर्धवट राहते, इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडतो, सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स चालवावं, म्हणजे ती सूची नव्याने बांधावी लागते. कोणत्या शाखेमुळे बिघडलं यावरून फोनाफोनी होते ती वेगळीच.

प्रोग्रॅम सर्व्हरवर नेला की हे सगळं एका फटक्यात बदलतं. प्रोग्रॅम आणि डेटा एकाच रॅकमध्ये येतात, त्या दोन हजार फेऱ्या तिथल्या तिथे होतात. शाखेकडे जातो तो पडद्याच्या चित्रातला बदल. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत चाळीस मिलिसेकंद लागले तर टंकणाऱ्याला ते जाणवतही नाही. फेरी दीडशेच्या पुढे गेली की हाताला जडपणा येतो आणि तक्रारी सुरू होतात. लाइन सरासरीने चांगली पण मधूनच अडखळणारी असेल, तर ते त्याहून वाईट. म्हणून आधी शाखेची लाइन आठवडाभर मोजून घ्या, आणि तीही ऐन गर्दीच्या वेळी.

लाइन तुटण्याचा प्रकारही असाच पालटतो. शाखेची वीज गेली, पडदा काळा झाला, तरी सर्व्हरवरचं सेशन जिवंत असतं. बिलाच्या सातव्या ओळीत रकमेचे दोन आकडे टाकून झाले होते. दुसऱ्या टेबलावरून, हवं तर दुसऱ्या इमारतीतून लॉगिन करा. तीच सातवी ओळ, तेच दोन आकडे, कर्सर तिसऱ्याची वाट बघत लुकलुकतो आहे. तुटलेलं सेशन किती वेळ राखायचं ते तुमच्या ॲडमिनने ठरवलेलं असतं. ते तास-दोन तासांचं ठेवायला सांगा, पंधरा मिनिटांचं नको.

दुसरा मोठा फायदा दुरुस्तीचा. त्यासाठी दोन तारखा आठवा.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. ज्या छिद्रातून ते शिरलं, त्यावरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळपास दोन महिने हाताशी असूनही असंख्य ठिकाणी तो लागलेला नव्हता, आणि याचं कारण प्रत्येक वेळी आळस नसतं. दोनशे पीसी म्हणजे दोनशे तऱ्हा. एकाची डिस्क भरलेली, दुसरा सुट्टीवरच्या माणसाचा म्हणून बंद, तिसऱ्यावर असं जुनं सॉफ्टवेअर की अपडेट लागलं तर ते मोडेल या धास्तीने कुणी हातच लावत नाही. सर्व्हरवर काम असेल तर एक आदर्श प्रत तयार करायची, तिच्यावर पॅच लावून दोन-तीन जणांकडून वापरून घ्यायची, मग रात्रीतून सर्व सर्व्हरवर तीच उतरवायची. सकाळी काही बिनसलं तर आदल्या दिवशीची प्रत परत लावता येते. दोनशे टेबलांवर कालचा दिवस परत आणता येत नाही.

दुसरी तारीख १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं आडवी झाली. सदोष फाईल तास-सव्वा तासात मागे घेतली गेली होती. पण जी मशिनं अडकली, त्यांतल्या कितीतरी मशिनांपुढे कुणीतरी जाऊन बसावं लागलं. सेफ मोडमध्ये सुरू करायचं, एक फाईल पुसायची, पुन्हा सुरू करायचं. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिजिटल कुलपाने, बंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली हाताने टंकायची. एखादा अंक चुकला की तो सहा अंकांचा गट पुन्हा तपासायचा. यात सर्व्हरही पडले होते, हे लपवत नाही. केंद्रीकरणाने त्या दिवशी कुणी वाचलं असतं असा माझा दावा नाही. पण आभासी सर्व्हर असेल तर तो जागेवर बसून कन्सोलमधून उठवता येतो, आणि असे सर्व्हर चार असतात. उरलेली टेबलं त्या चारांबरोबर उठतात. मात्र टेबलावरची यंत्रं विंडोजची आणि त्याच सुरक्षा सॉफ्टवेअरखाली असतील तर नाही. म्हणून टेबलावर लिनक्सचं हलकं टर्मिनल असावं असं मी म्हणतो.

माणूस नोकरी सोडतो किंवा लॅपटॉप चोरीला जातो, तेव्हा एक खातं बंद केलं की विषय मिटतो, कारण लॅपटॉपवर काहीच नसतं. मात्र ‘आता माहिती बाहेर जाणारच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मानू नका. सेशनमधून आपल्या मशीनवर कॉपी-पेस्ट करण्याची आणि आपली ड्राइव्ह जोडण्याची सोय बंद केली नसेल, तर माहिती त्या वाटेने निवांत बाहेर पडते. आणि पडद्याचा फोनवर फोटो काढणाऱ्याला कोणताच सर्व्हर अडवत नाही.

आता पैसे. पहिल्या वर्षी तुमचे पैसे वाचणार नाहीत. सर्व्हर घ्यावे लागतील, स्टोरेज घ्यावं लागेल आणि लायसन्सचा गुंता सोडवावा लागेल. मायक्रोसॉफ्टच्या वाटेने गेलात तर सर्व्हरचं लायसन्स वेगळं, सर्व्हर वापरण्याचं कॅल (वापरणाऱ्यामागचा परवाना) वेगळं आणि रिमोट डेस्कटॉपचं कॅल आणखी वेगळं. हे शेवटचं दर माणशी किंवा दर यंत्रामागे घेता येतं. तीन पाळ्यांत एकाच टेबलावर तिघे बसत असतील तर यंत्रामागे घ्या. एक माणूस ऑफिस, घर आणि टॅब्लेट अशा तीन ठिकाणांहून काम करत असेल तर माणशी घ्या. यात गफलत झाली की खर्च तिप्पट होऊ शकतो, आणि पुरवठादार ती आपणहून दाखवून देईलच असं नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या सगळ्याच योजना सामायिक सर्व्हरवर चालवायची परवानगी देत नाहीत, तेही आधी लेखी विचारा. रिमोट डेस्कटॉपच्या लायसन्सला १२० दिवसांची सवलत मिळते. त्या चार महिन्यांत सगळे ते विसरतात आणि मग एका सकाळी कुणालाच लॉगिन होता येत नाही. माझ्या धंद्यातला हा ठरलेला विनोद आहे.

विजेच्या बचतीचा तक्ता तर हमखास दाखवला जातो, म्हणून तो सोडवूनच दाखवतो. छोटं टर्मिनल दहा वॅटच्या आसपास खातं, साधा डेस्कटॉप साठच्या. फरक पन्नास वॅट. दिवसाला आठ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर एका टेबलामागे १०० युनिट, शंभर टेबलांमागे १०,००० युनिट वाचतात. इथे तक्ता संपतो. पण सर्व्हर रात्री झोपत नाहीत. तीनशे वॅटचे दोन सर्व्हर वर्षभर अखंड चालले तर ५,२५६ युनिट खातात, शिवाय ते थंड ठेवण्याची वीज वेगळी. म्हणजे अर्ध्याहून अधिक बचत तिथेच जिरली. वीस टेबलांचं ऑफिस असेल तर बचत २,००० युनिटांची, आणि सर्व्हर एकच ठेवला तरी तो २,६२८ खाणार. तिथे विजेचं नाव काढू नये हे बरं.

खरी बचत इतरत्र आहे आणि ती सावकाश येते. टर्मिनलला ना पंखा ना फिरणारी डिस्क, त्यामुळे ते पीसीपेक्षा जास्त वर्षं निभतं. नव्या आवृत्तीचा प्रोग्रॅम जास्त मेमरी मागू लागला की सर्व्हरमध्ये वाढवायची. शंभर मशिनं बदलायची नाहीत. हेल्पडेस्कचा माणूस टेबलाटेबलांवर फिरत नाही, जागेवरून सेशन बघतो. आणि तुमच्या फायलीतले ते ‘निकाली’ पीसी! विंडोज ११ त्यांना झेपत नाही हे खरं, पण हलकं लिनक्स बसवून सर्व्हरकडे बघणारी खिडकी म्हणून ते मजेत चालतील. ही एकच गोष्ट तुमच्या कोटेशनमधला सगळ्यात मोठा आकडा पुढे ढकलते.

आता तुमच्या मनात असलेला आक्षेप. सर्व्हर बंद पडला की सगळं ऑफिस बसलं, त्यापेक्षा एकाचा पीसी गेला तर एकटाच थांबतो हे काय वाईट? आक्षेप अगदी रास्त आहे. एकच सर्व्हर घेऊन सगळी कंपनी त्यावर चढवणं म्हणजे एकखांबी तंबू, आणि खर्च कापायला बसलेली प्रत्येक समिती पहिली कात्री दुसऱ्या खांबालाच लावते. दुसऱ्या सर्व्हरला पैसे नसतील तर हा बेतच सोडा, नवे पीसी घ्या. हे मी गंभीरपणे सांगतो आहे.

दोन सर्व्हर घेतानाही एक हिशेब चुकतो. साठ माणसं आहेत म्हणून तीस-तीसचे दोन घेतले, तर एक पडल्यावर उरलेल्यावर साठ जण तुटून पडतात आणि तोही झोपतो. प्रत्येकाने एकट्याने साठ पेलले पाहिजेत. मेमरी दर माणशी तीन-चार जीबी धरून चला; हिशेबाचं सॉफ्टवेअर किरकोळ खातं, उघड्या टॅबांचे ढीग सांभाळणारा ब्राउझर मात्र खादाड. दोन सर्व्हर असण्याचा रोजचा फायदाही आहे. एकावर नवी लॉगिन बंद करून ठेवायची, आतले लोक संध्याकाळपर्यंत निघून जातात, मग तो निवांत दुरुस्त करायचा. कुणाला पत्ताही लागत नाही. फायलींचं स्टोरेज, नेटवर्कचा स्विच, इंटरनेटची लाइन यांचीही जोडी हवी. दोन सर्व्हर एकाच स्विचला लावले तर खांब पुन्हा एकच.

बॅकअप दुसऱ्या आवारात ठेवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि त्यांची एक अख्खी इमारत खाक झाली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांतल्या काहींचा डेटा कायमचा गेला. सर्व्हर भाड्याने क्लाउडमध्ये घेतला तरी ही जबाबदारी टळत नाही. आणि सर्व्हरमधल्या डिस्क आरशासारख्या जोडीने चालतात म्हणून बॅकअप नको, असं म्हणणाऱ्या माणसाला त्या खोलीची किल्ली देऊ नका. कुणी फाईल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

सुरक्षेचं एक वाक्य करारात घालाच: रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटला थेट उघडं राहणार नाही. ‘घरून काम सुरू करायचंय, पटकन चालू करून द्या’ असा आग्रह वरून आला की हेच दार उघडलं जातं, आणि खंडणीखोर टोळ्या अशी उघडी दारं रात्रंदिवस शोधत असतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप हे छिद्र सापडलं तेव्हा ते इतकं गंभीर मानलं गेलं की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीलाही पॅच दिला. आत यायचं तर गेटवे (ओळख तपासून आत सोडणारा वेगळा सर्व्हर) किंवा व्हीपीएनमधून, आणि पासवर्डखेरीज दुसरी खूण पटवून. ही अट संचालकांनाही लागू. सगळ्यात जास्त सवलती तेच मागतात, हा माझा अनुभव.

काही ठिकाणी हे सारं लागूच पडत नाही. तुमचं जवळपास सगळं काम आधीच ब्राउझरमध्ये होत असेल, तर ते एका परीने केंद्रितच आहे. त्यावर आणखी एक सर्व्हर चढवू नका. व्हिडिओ एडिटिंग आणि त्रिमितीय ड्रॉइंग करणाऱ्यांना ताकदीची मशिनं टेबलावरच द्या. सर्व्हरवर ग्राफिक्स कार्डं घालून ते जमतं, पण खर्च डोळे पांढरे करतो. व्हिडिओ कॉल सर्व्हरमधून फिरवून आणले की आवाज फाटतो. ते टेबलावरच्या यंत्रावरच चालतील अशी सोय पाहा. पाच-सात माणसांच्या ऑफिसने या वाटेला जाऊ नये.

एक बाजू कोटेशनमध्ये कधीच नसते, ती माणसांची. ‘माझा पीसी’ काढून घेतला जातोय ही भावना खरी असते. हेल्पडेस्क आपला पडदा बघू शकतं हे कळल्यावर शंका वाढते, आणि ती वाजवीच आहे. समोरच्याने होकार दिल्याशिवाय पडदा दिसणार नाही अशी सेटिंग असते. ती लावा आणि ती लावली आहे हे लेखी कळवा. वॉलपेपर बदलू द्या. ‘सर्व्हरवर ताण येतो’ म्हणून तो बंद करणारे ॲडमिन मी पाहिले आहेत. त्याने वाचतं नगण्य आणि नाराजी मिळते भरघोस. ताण खरा कुठे येतो, तर सकाळी सगळे एकाच वेळी लॉगिन होतात तेव्हा. पहिल्या आठवड्यातल्या त्या दहा मिनिटांवरून लोक सगळ्या व्यवस्थेविषयी मत बनवतात, त्यामुळे सर्व्हरचं माप त्या दहा मिनिटांसाठी घ्या. प्रिंटरसाठी वेगळे दिवस राखून ठेवा. या कामात सगळ्यात जास्त वेळ प्रिंटर खातात, आणि त्यांतही लेबल छापणारे.

तेव्हा मागणं असं आहे. सगळी कंपनी एका फटक्यात हलवू नका. ज्या विभागाचं सॉफ्टवेअर शाखांतून रडतखडत चालतं तो आधी घ्या, आणि त्याचा महिनाअखेर या व्यवस्थेवर पार पडू द्या. महिन्याच्या मध्यावर सगळंच सुरळीत दिसतं. पुरवठादाराची चकचकीत स्लाइड बघण्याऐवजी त्याला कामाच्या दिवशी, ऐन अकरा वाजता बोलवा आणि दोनपैकी एका सर्व्हरची वायर त्याच्याच हाताने काढायला सांगा. किती जणांचं काम थांबलं आणि किती मिनिटांत ते परत आत आले, ते घड्याळ लावून लिहून घ्या. मग कालच्या बॅकअपमधून एक फोल्डर, आणि एक अख्खा सर्व्हर, तुमच्यादेखत परत उभा करायला लावा. वायर काढायला तो कचरला, तर त्याच्या कोटेशनचं काय करायचं ते तुम्हाला कळेलच. ही दोन्ही प्रात्यक्षिकं वर्षातून दोनदा होतील, हे करारात तारखांसह लिहून घ्या आणि मगच सही करा.

आपला,
पडद्यामागे राहून तुमची यंत्रं सांभाळणारा एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर

ता. क. जुने पीसी टर्मिनल म्हणून वापरायचं ठरलं, तर त्यांतल्या डिस्क आधी काढून घ्या आणि महिनाभर कपाटात कुलूपबंद ठेवा. ते मॅक्रो कोणत्या फोल्डरमध्ये होतं, हे त्या महिन्यात कुणीतरी विचारायला येईल. नंतर त्या नीट पुसा, आणि मगच भंगारात द्या.